जस्त घासलं नव्हतं

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, निवृत्त वेल्डिंग तपासनीस, पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने हे मृत्युपत्र करतो. दबाव कोणाचा नाही. राग आहे, रागात मृत्युपत्र करू नये असा कायदा वकीलबाईंना सापडला नाही.

१. धातू घासायचा माझा ग्राइंडर धाकट्या भावाला, म्हणजे कारखान्याच्या व्यवस्थापकाला द्यावा. वाफेच्या स्टेनलेस पाइपला जस्त चढवलेले आधार जोडायचे होते. आधी जस्त घासून काढायचं, हे आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात. नाहीतर ते वितळून पाइपात शिरतं आणि चांगला पाइप तडकतो. वेल्डरने तसं सांगितलं, तर साहेब म्हणाले, "घासत काय बसता? घरची भांडी आहेत का?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. घासायला अर्धा तास लागला असता.

२. सतराव्या दिवशी पाइप फुटला. वेल्डर वाफेत भाजून गेला. त्याला सगळे 'सरळ्या' म्हणत, इतका त्याचा जोड सरळ. अहवालात भावाने लिहवून घेतलं: सदोष जोडकाम. मेलेला माणूस उलट बोलत नाही, तेवढं या दीडशहाण्याला बरोबर कळतं. पुढे सरळ्याच्या मुलीला नोकरी नाकारली, "बापाचा हातच वाईट" म्हणून.

३. चौकशीसाठी कापलेला पाइपचा तुकडा माझ्या कपाटात, जुन्या कोटात गुंडाळलेला आहे. जोड शाबूत आहे. तडा शेजारी पाइपात आहे आणि तड्यात जस्त आहे. कुठल्याही प्रयोगशाळेत दिसेल. तो तुकडा व माझ्या राहत्या दोन खोल्या सरळ्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना. वकीलबाईंनी तुकडा स्वतः नेऊन द्यावा. भावाच्या हाती लागला तर भंगारात जाईल.

४. माझ्या अंत्यविधीला भावाने भाषण करू नये. हौस दांडगी, अक्कल बेताची.

५. त्या अहवालाखाली तपासनीस म्हणून सही माझी आहे. भाऊ म्हणाला, "दादा, घरातलं आहे, सांभाळून घे." मी नऊ वर्षं सांभाळून घेतलं. तेव्हा वर भावाला जे बोललो, ते मलाही लागू समजावं. वहिनी, खोल्या नको असतील तर विकून टाका, माझं नावसुद्धा दारावर ठेवू नका. पण तुकडा घ्या. सरळ्याचं काम चोख होतं. सही करताना ते मला माहीत होतं.

स्थळ: माझं स्वयंपाकघर
दिनांक: १४ नोव्हेंबर, मंगळवार
(सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली:
१. खालच्या मजल्यावरचे शिंपी (सही)
२. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई (सही)