पडद्यामागचे चाळ

बाई,

तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं. बाजारात वर्गातली एक जुनी मैत्रीण भेटली, तिने सांगितलं की तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि शेवटी शेवटी तुमची वाचाच गेली होती. आमचा सूर चुकला की ज्या तोंडाने तुम्ही "रेकणं पुरे" म्हणायचात, त्या तोंडाला पाणीसुद्धा मागता येत नव्हतं म्हणे. मैत्रिणीने डोळ्यांना पदर लावला. मी तिला हॉटेलात नेलं, चहा पाजला, वर भजी मागवली. भजी झकास झाली होती, हे तुम्हाला कळावं म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

आज लिहायला बसायचं कारण माझी नात. तिच्या शाळेचं संमेलन आहे आणि नाचणाऱ्या प्रत्येक मुलीने चाळ आणायचे, असा शाळेतून निरोप आलाय. डॉक्टरांची मुलगी, वकिलांची मुलगी, सगळ्यांच्या पायात चाळ. सकाळी मी जमिनीवर बसून तिच्या पायात बांधत होते आणि गाठ मारताना हातच थांबले. पोरगी म्हणते, "आजी, काहून थांबली वं? बांध ना." बांधले. ती छुमछुम करत अंगणभर हुंदडली आणि मला तुमचा असा राग आला, जणू तुम्ही समोरच्या ओट्यावर बसला आहात.

तुम्ही कारंज्याच्या आमच्या हायस्कुलात आलात तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि वरच्या वर्गांत आम्ही मुली बोटांवर मोजण्याइतक्या होतो. गाणं, चित्रकला आणि संमेलनाचा नाच, तिन्ही तुमच्याकडे. पुण्याकडची भाषा, कडक इस्त्रीचं पातळ, हातात रूळ. माझी आई एके काळी तमाशाच्या फडात नाचायची, हे शाळेत कोणाला ठाऊक नव्हतं. माझ्या वेळी पोटुशी असताना तिने फड सोडला, कारंज्यात येऊन जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला लागली आणि मला शाळेत घातलं. "माही पोरगी मास्तरीण होईन," असं ती जिनातल्या बायांना सांगत सुटायची. मॅट्रिक झाले की मी मास्तरीण होणार होते, बाई. आम्हा दोघींचं सगळं त्यावर टांगलेलं होतं. आईची अट एकच होती, पायात कधी चाळ बांधायचे नाहीत.

तुम्ही मात्र ओळखलंत. तालमीच्या पहिल्याच दिवशी पाऊल टाकण्याआधी मी पातळाचा काठ चिमटीत धरून जरासा उचलला. आई दारातलं पाणी ओलांडताना तसंच करायची, मला दुसरी रीत माहीत नव्हती. तुम्ही हसलात आणि हळूच विचारलंत, "आई कुठल्या फडात होती गं?" मी काठ सोडून दिला. दुसऱ्याच दिवशी चित्रकलेच्या तासाला तुम्ही मला टेबलावर बसवलंत, पाय पुढे करायला लावलेत आणि वर्गाला म्हणालात, "आज पाय काढायचे. नीट बघा, पसरट आहेत, बोटं सुटी आहेत." अख्खा वर्ग तासभर माझे पाय बघतो आहे. मी खिडकीबाहेर बघते आहे. आमच्या वर्गातल्या वकिलांच्या मुलीने कागदावर माझ्या घोट्याभोवती चाळ काढले, म्हणजे बातमी तोवर फुटली होती. मुली फिदीफिदी हसल्या. तुम्ही तिच्या हातातून रबर घेतलंत, स्वतः ते चाळ खोडलेत आणि म्हणालात, "दिसतं तेवढंच काढायचं." मी वेडी. मला वाटलं, बाई माझ्या बाजूच्या आहेत. त्या एका खोडण्यापायी पुढे तुम्ही सांगाल ते करायला मी तयार झाले.

तुम्ही सांगितलंत ते हे. गवळणींचा नाच बसवायचा होता. चांगल्या घरच्या मुलींच्या पायात चाळ दिसता कामा नयेत, असं शाळेच्या कमिटीने बजावलं होतं. पण आवाजाशिवाय नाच म्हणजे कवायत, असं तुमचं म्हणणं. मग मुलींनी पुढे अनवाणी नाचायचं आणि मी मागे, तुम्ही रंगवलेल्या कमळांच्या पडद्याआड, चाळ बांधून त्यांच्या पावलावर पाऊल टाकायचं. सगळ्या मुलींना पावलं बसवून दिली ती मी, आणि पडद्याआड जायचं तेही मीच. चाळ तुम्ही बाजारातून आणलेत. बांधलेतही तुम्हीच, खाली बसून, स्वतःच्या हाताने. "तुझ्या आईला कशाला कळतंय?" म्हणालात.

आई आली होती. बायांमध्ये अगदी मागे बसली होती, मला पत्ताच नव्हता. नाच रंगला. पडद्याच्या ओल्या रंगाला सरसाचा वास येत होता आणि माझे पाय कधी नव्हे इतके मोकळे सुटले होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका शेटजींचा हात खिशात गेला. त्यांचं तरी काय चुकलं? जन्मभर चाळ ऐकले की रुपया फेकायची सवय. रुपया फळ्यांवर खणकन् पडला तो नेमका वकिलांच्या मुलीच्या पायाशी. पेटी थांबली, मुली थिजल्या, वकीलसाहेब उठून उभे राहिले. त्या भयाण शांततेत एकट्या माझ्या चाळांचा आवाज चालू होता. कोणीतरी धावत येऊन पडदा ओढला आणि साऱ्या गावाने मला पाहिलं.

घरी आल्यावर आईने दार लावून घेतलं. मग म्हणाली, "तुहा डावा पाय जरासा मांगून येते. माहाही तसाच येत होता. पयल्याच ठेक्याले मी वळखलं." आणि लगेच विचारलं, "रुपया पडला तवा तुले आयकू नाई आलं? काहून नाई थांबली?" मी म्हटलं, "नाई आलं."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत आम्हाला बोलावलं. कमिटीचे लोक होते, वकीलसाहेब होते, तुम्ही होतात. "मला यातलं काहीच माहीत नव्हतं," तुम्ही म्हणालात, तुमचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "चाळ हिने घरूनच आणले असणार. यांच्या घरात असतातच." आई पुढे झाली. "माहे चाळ? थे तं ही पोटात होती तवाच मी तांबटाले देल्ले, बाई. आटवून गडवा करून घेतला त्याईचा. तुमी या घरी, त्याच गडव्यानं पाणी देतो तुमाले." वकीलसाहेब हसले. हेडमास्तरांनी तुमच्याकडे पाहिलं. एवढ्या वेळात तुम्ही एक शब्द बोलू शकला असतात. तुम्ही पदराचं टोक नीट केलंत.

शाळेतून माझं नाव कमी झालं. मी आईशेजारी बसून कापूस निवडायला लागले, मास्तरीण व्हायचं राहिलं ते राहिलंच. त्यानंतर आई जिनात माझं नाव काढायची नाही. पुढे लग्न झालं, संसार झाला, वाईट झाला नाही. पण आई मरताना त्याच गडव्याने मी तिच्या तोंडात पाणी घातलं आणि तेव्हाही मला तुमचा तो पदर आठवला. तुमची वाचा गेली हे देवाने बरं केलं, असं मी म्हणते, आणि म्हणताना मला लाज वाटत नाही.

हे पत्र कुठे धाडायचा प्रश्नच नाही. लिहून झालं की फाडीन. पण एक राहिलं, ते आईलाही सांगितलं नाही. रुपया पडला तेव्हा तुम्ही माझ्या बाजूलाच, लोकांना न दिसणाऱ्या विंगेत, उभ्या होतात आणि स्टेजकडे तुमची पाठ होती. सगळं संमेलन बुडत होतं, आणि तुम्ही तोंड किंचित उघडं ठेवून नुसत्या माझ्या पायांकडे बघत होतात. एक हात वर केला असता तरी मी थांबले असते. तुम्ही केला नाहीत. तसं मला पुन्हा कोणी पाहिलं नाही, बाई. रुपया मला ऐकू आला होता.