आयरिसची जागा

आत्याबाई, आज तुमची नातसून विचारत होती, "आई, हे आयरिसचं फुलझाड भिंतीजवळच का लावलं?" मी म्हटलं, जागा चांगली आहे. सकाळचं ऊन अंगावर येतं, बारानंतर भिंतीची सावली, खाली मुरूम, पाणी थांबत नाही. उरलेलं तुम्हालाच सांगण्याजोगं, अन् तुम्हाला जाऊन तर किती वर्षं झाली.

नणंदबाई गेल्या, त्या वर्षी तुम्ही त्यांच्या घरून तीन कंद पदरात बांधून आणले. दिसायला आल्याच्या गड्ड्यासारखे. जावई म्हणाले होते, वर्षातून दोनदा फुलतं. आपल्या उन्हाळ्यात जगायचं तर पाणी पाहिजे, म्हणून तुम्ही मोरीच्या सांडपाण्यावर, केळीशेजारी जागा धरली अन् हळदीसारखे खोल पुरले. पानं पिवळी पडली, तर तुम्ही आणखी एक तांब्या ओतायच्या.

एका बाजारच्या दिवशी तुम्ही आष्टीला गेल्त्या अन् मी खुरपं घेऊन बसले. दोन कंदांचा हातातच चिखल झाला, नासक्या कांद्यासारखा वास. तिसऱ्याचं बोटभर टोक तेवढं घट्ट. सडकं विळीवर कापलं, राख चोळली अन् भिंतीजवळच्या उंचवट्यावर लावलं, कंदाची पाठ मातीबाहेर उघडी ठेवून. तुम्ही दारात आल्या, पिशवी हातातच.

"कोनी हात लावला?"

"मी. सडून राह्यले होते, आत्याबाई."

"माह्या लेकीची एवढीच निशाणी, अन् ती तू उन्हात उघडी टाकली?"

"कांदा खोल पुरला तर पोसतो का?"

"कांदे शिकवती मला! हे मेलं ना, तर तोंड दाखवू नको."

दीड महिना तुम्ही माझ्या हातची भाकर खाल्ली न्हाई. वेगळा तवा ठेवून स्वतः थापायच्या. मी सकाळी उठले की आधी भिंतीशी जायची. मंग एक हिरवं पातं दिसलं, अन् तुम्ही तवा उचलून ठेवला. फाल्गुनात एक जांभळं फूल आलं. दिवाळीनंतर दुसऱ्यांदा आलं, तेव्हा तुम्ही शेजारणीला हाताला धरून आणलं. "माह्या सुनेनं सड बराबर वळखली, म्हणून वाचलं." मी मान खाली घालून उभी.

आत्याबाई, सड मला खणल्यावर दिसली. तुम्ही रोज त्या पानांजवळ बसून लेकीला विचारावं तसं विचारायच्या, "जेवलीस का गं बाई?" लग्न होऊन आल्यापासून सहा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी ते उपटून फेकायलाच बसले होते.