तब्येत सुधारते आहे

८ फेब्रुवारी १९९९, सोमवार. हॉस्पिटल, बेड नंबर सहा.

शुक्रवारी रात्री जरा दम लागला, एवढंच. सरलाने आणि आमच्या मानसने त्याचा बाऊ केला आणि मला इथे आणून टाकलं. आज डॉक्टर सूद म्हणाले, हार्ट फेल्युअर. या शब्दाला माझी हरकत आहे. चौतीस वर्षं केंद्र सरकारची चाकरी केली, अवर सचिव म्हणून निवृत्त झालो, कुठल्या परीक्षेत फेल झालो नाही. (इंटरला एकदा. पण तो पेपरच चुकीचा होता.) डॉक्टरांनी समजावलं की हृदय बंद पडलेलं नाही, दमलंय, म्हणून अंगात पाणी साचतं. मग तसं म्हणावं.

शेजारच्या बेडवर पहाडगंजचे बत्राजी, भांड्यांचे घाऊक व्यापारी. यांनाही हेच. दोन आठवडे मुक्काम ठोकून आहेत. डॉक्टर म्हणतील त्याला मान डोलावतात. अशा माणसांमुळे देशाची कामं रखडतात.

९ फेब्रुवारी

संकल्प: उद्या डिस्चार्ज.

गुडगावच्या फ्लॅटची वास्तुशांत रविवारी, एकवीसला. महिनाअखेर आर. के. पुरमचं क्वार्टर सोडायचं. सगळा जन्म सरकारी भिंतींत गेला, आता पहिल्यांदा स्वतःच्या दारातून आत जायचंय, हातात कलश घेऊन. आणि सूद म्हणतात अजून आठवडाभर राहा, पाणी नीट उतरू दे, गोळ्यांचं प्रमाण बसू दे. मी कुठलीही फाइल टेबलावर आठवडाभर ठेवली नाही. आरोग्य खात्यातल्या एका जुन्या ओळखीला फोन लावायला मानसला सांगितलं. नाही म्हणाला. मीच खाली जाऊन पीसीओवरून लावला. येताना जिन्यात थोडा बसलो, पण तो जिनाच चुकीचा बांधलाय.

१० फेब्रुवारी, घरी

डिस्चार्ज! स्वतःच्या जबाबदारीवर, सही ठोकून. केस क्लोज्ड. बत्राजी म्हणाले, इतनी जल्दी क्या है साहब. त्यांना काय कळणार डिस्पोजल म्हणजे काय.

सूदनी निघताना तोंड वाकडं करून बजावलं: नमक बंद, पानी नापके, आणि रोज सकाळी वजन. दोन किलो वाढलं तर फोन करायचा, उसी दिन. सरलाने ते दोनदा घोकून घेतलं.

११ फेब्रुवारी

मानसने वजनकाटा आणला. अडुसष्ट! हॉस्पिटलने पार चिपाड केलं माझं. समोरच्या इंदुमतीबाई आल्या होत्या, म्हणाल्या, "किती वाळलात हो!" वास्तुशांतीला सगळं महाराष्ट्र मंडळ जेवायला येणार, त्यांच्यासमोर हे गाल घेऊन उभं राहायचं?

संकल्प: एकवीसपर्यंत तब्येत सुधारायची.

१२ फेब्रुवारी

पाण्याची गोळी हा फार अपमानास्पद प्रकार आहे. सकाळी घेतली की दुपारपर्यंत बाथरूमची ड्यूटी. गुडगावला जाऊन टाइल्स बघायच्या होत्या. रस्त्यात धौला कुआँच्या जाममध्ये अडकलो असतो तर? आणि फ्लॅटच्या संडासात कमोड आहे, पाणी नाही. बिल्डर म्हणतो टँकर येईल.

निर्णय: साइटवर जायच्या दिवशी गोळी नाही.

१३ फेब्रुवारी

साइटवर गेलो. लिफ्टच्या जागी भोक आहे. तिसरा मजला. प्रत्येक वळणावर थांबून प्लास्टरची बारीक पाहणी केली. इतकं बारकाईनं यापूर्वी कुणीच पाहिलं नसेल.

१४ फेब्रुवारी

पुन्हा साइट. पुन्हा गोळी नाही.

१५ फेब्रुवारी

एकोणसत्तर आणि वर थोडं. सुधारणा सुरू.

जेवणावरून सरलाशी वाद. बिनमिठाची आमटी माणसाने का गिळावी? मी ताक मागितलं, सैंधव घालून. ती म्हणाली मीठ ते मीठ. मी समजावलं: दिल्लीत नवरात्रात सगळे मीठ सोडतात आणि सेंधा नमक खातात. अर्थात ते मीठ नव्हे. अख्खं शहर देवीशी खोटं बोलत नसेल. पापडही मीठ नाही, पापड हा पापड. आणि ताक हे पाणी नाही, त्यामुळे मापात धरायचं कारण नाही. ती उठून लोणच्याची बरणी कपाटात ठेवून आली आणि किल्ली कमरेला खोचली. लोणचं मानसच्या खोलीतही आहे, हे तिच्या ध्यानात नाही.

१७ फेब्रुवारी

सत्तर! म्हणजे दोन किलो. डॉक्टरांना फोन करायचा होता खरा, पण एवढ्या चांगल्या बातमीची घाई नाही. सोमवारी पेढे घेऊनच जाईन.

बूट आकसले. थंडीत चामडं आकसतं.

१८ फेब्रुवारी

रात्री खुर्चीत झोपलो. आडवं झाल्यावर विचार फार येतात, तेही छातीवर बसून. खुर्ची कण्याला उत्तम. नव्या घरी पलंग घ्यायचं कारण नाही, मोठी बचत.

१९ फेब्रुवारी

एकाहत्तर आणि वर. इंदुमतीबाई आज म्हणाल्या, तब्येत सुधारली हो तुमची. मी सरलाकडे पाहिलं. ती माझ्या पायांकडे पाहत होती. खाली बसून तिने घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरेचना. मोजा घट्ट आहे, मी म्हटलं. मोजा मी घातलेला नव्हता.

ती म्हणाली, "अहो, मुहूर्त दुसरा काढता येतो."

मी म्हटलं फोन केलास तर ते मला पुन्हा डांबतील आणि कलश मानस नेईल. हे म्हणताना आवाज चढला, मग खोकला आला, मग बराच वेळ गेलाच नाही. ती पाणी घेऊन आली आणि अर्धाच ग्लास दिला. मला तिचा राग आला, आणि तिच्या डोळ्यांत काय होतं ते पाहून थोडी भीती वाटली. दमणुकीमुळे असं होतं.

२० फेब्रुवारी

मांडवावर देखरेख करायला गुडगाव. सरला सोबत, हट्टाने. पहिला मजला. प्लास्टर ठीक.

२१ फेब्रुवारी, रविवार

हॉस्पिटल. नाकात नळी आहे, अक्षर म्हणून असं.

काल दुसऱ्या मजल्यावर मांडवाची खुर्ची मागवून बसलो तो उठलो नाही. मजुरांनी खुर्चीसकट खाली आणलं. खुर्ची चांगली निघाली. सूदनी जुने कागद मागवले. दहा दिवसांत परत, असं कुणी तरी म्हणालं. बेड नंबर पाच मिळाला, बत्राजींचा. ते गेले घरी, चालत.

पाहुणे सांगून झाले होते, स्वयंपाक झाला होता. मी फर्मावलं की वास्तुशांत होऊ दे, सरलाने जाऊन बसावं. ती म्हणाली, "मी इथेच बसते." दिवसभर स्टुलावर बसली. या घरासाठी तिने मला वीस वर्षं ऐकवलंय. आज घराचा शब्द काढला नाही.

पूजा मानसनेच केली. गुरुजींनी तोड काढली: आई-वडलांच्या जागी पाटावर दोन सुपाऱ्या.

२४ फेब्रुवारी

सदुसष्ट. नर्स म्हणाली, बहुत सुधार है. मी म्हटलं, चार किलो गेले, सुधार कसला. तेव्हा सरलाने सांगितलं, अगदी हळू, जसं लहान मुलाला सांगावं: "अहो, ती तब्येत नव्हती. पाणी होतं."

बिल्डरच्या टाकीत थेंब नाही, आणि मी चार किलो पाणी जिन्याने वर नेत होतो.

बत्राजी तपासणीला आले होते, भेटून गेले. चांगले दिसतात. वाळलेत.

२६ फेब्रुवारी

संध्याकाळी सूद आले. घरी कधी, हे मी विचारलं नाही. तेच म्हणाले, आठवडाभर तरी. मी म्हटलं, ठीक आहे. सरलाने पदराने डोळे पुसले आणि खिडकीबाहेर काही तरी बघितल्यासारखं केलं.

मानस सामानाचा पहिला ट्रक गुडगावला टाकून आला. सुपाऱ्यांचं काय केलं, विचारलं. म्हणाला, टाकायच्या कशा, नव्या घरात देवांपाशी ठेवल्यात, शेजारी शेजारी.

म्हणजे आम्ही राहायला गेलो. रविवारपासून तिथेच आहोत. मीठ खात नाही, पाणी पीत नाही, आणि वजनही वाढलेलं नसणार.