शकूच्या यंत्रावरची पाटी

प्रिय शकू,

काल तुझ्या मनीषाचं लग्न झालं. संध्याकाळी ती सासरी गेली, सकाळपासून पाहुणेही पांगले. तुझ्या घराच्या ओट्यावर बसून हे लिहितोय. लग्नाची हकिकत तुला कुणी ना कुणी सांगेलच, पण तुझ्या नणंदेकडून ती तुझ्यापर्यंत पोचण्याआधी माझ्याकडून पोचावी, एवढ्यासाठी ही घाई. आणि खरं सांगायचं तर परवापासून मी रागावलेलो आहे. सकाळी दिवा लावला, हात जोडले, देवाचं नाव तोंडात आणि डोळ्यांसमोर ती पाटी! अशी पूजा कुठे पोचणार?

तू गेल्याला अजून वर्ष व्हायचंय. आई गेली की मुलीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर लांबवायचं, ही आपली रीत. म्हणून सगळं घाईत झालं. परवा दुपारी मी नरोलीच्या माझ्या घरून आलो, तेव्हा लग्नाच्या हॉलमध्ये रुखवत मांडणं चाललं होतं. चिरोटे, लाडू, क्रोशाचे रुमाल, मण्यांचं तुळशीवृंदावन. आणि मधोमध, लाल कापड अंथरलेल्या टेबलावर, तुझं बूट चमकवायचं यंत्र!

क्षणभर मला बरं वाटलं गं. तेल देऊन पुसलेलं होतं. म्हटलं, पोरीने आईची आठवण सोबत न्यायची ठरवलेली दिसते. मग त्याच्यावरची पाटी वाचली. थर्माकोलची कापलेली, सोनेरी कागद लावलेली अक्षरं. वर मोठ्या अक्षरांत ‘पतिसेवा’. खाली बारीक अक्षरांत, ‘आई ह्या यंत्रावर बाबांचे बूट स्वतःच्या हातांनी चमकवत असे. तिचा वसा लेकीला.’

तुझ्या हातांनी! शकू, त्या यंत्राचा दांडा तू किती वेळा फिरवलास? तयार होऊन घरी आलं त्या दिवशी, चालतं का बघायला. त्यानंतर कधी फिरवलेला मी तरी पाहिला नाही.

तुझे ते दिवस मला दिसतात. आपण दोघं धुळ्याकडचे, गावच्या शाळेत अनवाणी जाऊन शिकलेले. इथे गुजराती मुलखाला लागून नवेनवे कारखाने येत होते म्हणून आधी मी आलो, मागून तुम्ही. वसंतराव सुपरवायझर झाले आणि त्यांच्या पायात काळे बूट आले. तू पॅकिंगला लागलीस. तुझीही फर्स्ट शिफ्ट, त्यांचीही फर्स्ट शिफ्ट. पण पहाटे उठून दोन डबे, पोरीची वेणी, पाणी भरणं आणि वर ते बूट, हे सगळं तुझ्याच वाट्याला. ते आपले खुर्चीवर पाय सोडून बसायचे आणि म्हणायचे, “शकुंतला, टोकाला चमक नाही आली. साहेब पहिल्यांदा बूट बघतो.”

एका रविवारी मी बसलो होतो. तुझा खांदा धरला होता, हात वर जात नव्हता. तरी त्यांनी बूट पुढे सरकवले. तू शांतपणे म्हणालीस, “अहो, मीही ड्युटीवर जाते. माझ्या चपला तुम्ही पुसता का?”

“चपलांना कशाला पॉलिश लागतं?” ते म्हणाले.

“मग तुम्हीही चपला घाला.”

मी चहात तोंड घालून हसू लपवलं. वसंतराव म्हणाले, “आम्हाला जमत नाही ते ब्रश घासणं. हात काळे होतात.”

झालं! पुढच्या महिन्यात तू हात काळे न होण्याची सोय केलीस. जवळच्या रांधा गावच्या सुताराकडून सागाच्या तुकड्यांची पेटी करून घेतलीस. तुमच्या कारखान्यातल्या फिटरने जुन्या सायकलची साखळी आणि दोन दातेरी चाकं बसवून दिली. दांडा सावकाश फिरवला तरी वरच्या आडव्या दांडीवरची चाकं भराभर फिरायची. एक केसांच्या ब्रशाचं, पॉलिश पसरवायला. दुसरं कापडाच्या चकत्यांचं, चमक आणायला. आणि त्या चकत्या तू कशाच्या कापल्यास? वसंतरावांच्या जुन्या युनिफॉर्मच्या पँटीच्या! मी विचारलं तर म्हणालीस, “दादा, त्यांचंच कापड, त्यांचेच बूट, हात तेवढा माझा कशाला?”

पहिल्या दिवशी तू ते ओट्यावर दाराशी ठेवलंस, बूट त्यावर ठेवलेस आणि डबा घेऊन बस पकडायला निघून गेलीस. आठवतं? वसंतराव तसेच धुळीच्या बुटांनी ड्युटीवर गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. मग साहेब काहीतरी बोलला असणार, कारण तिसऱ्या दिवशी यंत्र ओट्यावरून गायब! तुला वाटलं फेकलं. पण न्हाणीतून खरखर ऐकू आली. दाराला आतून कडी, आणि सुपरवायझर आत बसून दांडा फिरवतायत. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून!

तेव्हापासून ते न्हाणीतच राहिलं, आणि ह्या सगळ्या घोळाचं मूळ तिथेच आहे. ओट्यावर राहिलं असतं तर आख्ख्या चाळीने पाहिलं असतं, कोण फिरवतं ते.

आता तुझ्यावरही रागावतो थोडा. रागावू दे. शेजारच्या गुजराती बेनने एकदा न्हाणीत डोकावून विचारलं होतं, हे काय म्हणून, “शकुबेन, आ शुं छे?” आणि तू पटकन म्हणालीस, “आ तो एमना माटे.” ह्यांच्यासाठी! खोटं नव्हतंच ते. ह्यांनी वापरायचं म्हणून ह्यांच्यासाठी. पण बेनने काय ऐकलं? ह्यांची सेवा करायला. ती कौतुकाने मान हलवत गेली. पुढे नणंदेनेही विचारलं, तिलाही तेच उत्तर, ‘ह्यांच्यासाठी.’ मी म्हटलं, शकू, नीट सांग ना! तर तू हसलीस. “जाऊ दे दादा. बूट ते पुसतात ना? मग लोकांनी काहीही समजू दे. त्यांचाही मान राहतो.”

त्यांचा मान राहिला, शकू. तुझं काय राहिलं? त्या एका शब्दातून केवढी मोठी पाटी निघाली बघितलीस?

तू गेल्यावर लोक भेटायला यायचे. पहिल्या दिवशी वसंतराव रडत नुसतं म्हणाले, “बुटाचं यंत्रसुद्धा तिने माझ्यासाठी करवून घेतलं होतं.” ते दुःख खरं होतं, मी ते नाकारत नाही. पण दहाव्यापर्यंत ते वाक्य वाढलं. “माझे बूट तिने कधी दुसऱ्याला शिवू दिले नाहीत.” तेराव्याला तुझी नणंद मालूताई सगळ्यांना सांगत होती, “वहिनी आजारातसुद्धा दादाचे बूट करायच्या हो!” काविळीने तुला पाण्याचा पेला उचलवत नव्हता, आणि बूट? वसंतराव शेजारी बसून ऐकत होते. नाही म्हणाले नाहीत. बाया डोळे पुसत होत्या. अशी बायको मिळायला भाग्य लागतं म्हणत होत्या. त्या दिवशी तेराव्याच्या पंक्तीत मी कसाबसा गप्प बसलो.

पण परवा नाही बसलो. पाटी पाहिल्याबरोबर मालूताईंना म्हटलं, “हे काढा.”

“का हो मामा? रात्रभर बसून कापलंय मी.”

“खोटं आहे ते.”

“आता मेलेल्या माणसाचं चांगलं बोललेलंही चालत नाही का तुम्हाला? तुमचीच तर बहीण!”

“माझी बहीण म्हणूनच सांगतोय. तिने बूट पुसायचे नाहीत म्हणून हे यंत्र आलं घरात. ह्यावर दुसरी पाटी लावा हवी तर. ‘ज्याचे त्याने’ म्हणून.”

त्या हसल्या. “मामा, देवपूजा करकरून तुमचं डोकं फिरलंय. व्याह्यांना काय सांगायचं, आमचे दादा स्वतःचे बूट पुसत होते? सुपरवायझर माणूस!”

वसंतराव मागे उभे होते. मी सरळ त्यांनाच विचारलं, “वसंतराव, तुम्ही सांगा. दांडा कोण फिरवायचं?”

त्यांनी मांडवाच्या खांबाकडे बघितलं. म्हणाले, “अहो, लग्नघर आहे. आज कशाला तो विषय?”

आजच विषय होता, शकू! कारण तुझी मुलगी उद्या ते घेऊन दुसऱ्याच्या घरी जाणार होती, आणि तिथे ते कशासाठी आहे हे त्या पाटीवर लिहून ठेवलेलं होतं. तू ज्या कामातून सुटलीस, तेच काम तुझ्या नावाने तिच्या गळ्यात पडणार होतं. ह्याहून मोठा अपमान कोणता?

मनीषाला बाजूला घेतलं. हातावर मेंदी ओली होती. म्हटलं, “बाळ, तू तर सगळं पाहिलंयस.”

“पाहिलंय मामा. न्हाणीचं दार वाजवून मीच ओरडायचे ना, बाबा लवकर, मला शाळेला उशीर होतोय.”

“मग बोल ना आत्याला!”

ती खाली बघत म्हणाली, “उद्यापासून बाबा घरात एकटे असणार, मामा. त्यांना चारचौघांत खाली बघायला लावू?”

मला काय संताप आला म्हणून सांगू! तिचा नाही, ह्या सवयीचा. तू त्यांचा मान राखलास, आता तीही तेच करणार. त्यांचा मान राखायला दर पिढीत एक बाई हवीच का?

लग्न लागलं. मामा म्हणून मी तिला अंतरपाटाशी घेऊन गेलो आणि मागे उभा राहिलो. मंगलाष्टकं चालली होती. एरवी त्या सुरांनी माझे डोळे भरून येतात. काल अक्षता टाकताना माझी मूठ आवळलेलीच होती. देवा, सावधान सावधान म्हणतायत, पण कुणाला? पोरीला की नवऱ्याला?

जेवणं झाली. पोरींनी नवरदेवाचे बूट पळवले होते, ते आचाऱ्याच्या मैद्याच्या पोत्यामागे सापडले. पांढरेफटक! सगळे हसले. नवऱ्याची मावशी मोठी बोलकी बाई. तिने बूट उचलले, रुखवताच्या टेबलाशी गेली, पाटी मोठ्याने वाचली आणि म्हणाली, “अगं बाई, सोय तर तयारच आहे! चला सूनबाई, पतिसेवेला सुरुवात करा!”

टाळ्या पडल्या. मी पुढे सरसावणार, तेवढ्यात मनीषा उठली. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मावशी, बूट त्यांचे आहेत. ते करतील.”

मालूताईंच्या हातातला पानाचा विडा तसाच राहिला. जावई मात्र भला मुलगा निघाला. “हो हो, का नाही?” म्हणत बसला यंत्रापुढे. मैदा झटकला, ब्रशाला पॉलिश लावलं आणि दांडा फिरवला. पण उलटा! ब्रश त्याच्याकडे फिरू लागला आणि काळे शिंतोडे त्याच्या पांढऱ्या सुटाकडे.

“अहो थांबा, थांबा!”

कोण ओरडलं असेल? वसंतराव! पाहुण्यांच्या घोळक्यातून धावत आले. “उलटा नाही! ब्रशाची वरची बाजू पलीकडे जायला पाहिजे, अंगावर उडतं नाहीतर. टाच आधी घ्या. दाबू नका, नुसतं टेकवा. द्या इकडे.” आणि खाली मांडी घालून बसले. डावा हात बुटात, उजव्या हाताने दांडा. बघतसुद्धा नव्हते, शकू. ब्रश झाला, मग चकत्यांवर बूट धरला. बघता बघता टोकात हॉलचे दिवे दिसायला लागले.

नवऱ्याची मावशी म्हणाली, “व्याही, तुमचा हात तर फारच बसलाय हो!”

कुणीतरी फिस्सकन हसलं. वसंतराव थांबले. बूट हातात तसाच. पाटीकडे बघितलं, मग बहिणीकडे, मग मनीषाकडे. आणि म्हणाले, “सवय आहे.”

बस! दोन शब्द. कुणी लावली ही सवय, का लावली, हे बोलले नाहीत. तुझं नाव घेतलं नाही. मी वाट बघत उभा होतो, आता बोलतील, आता बोलतील. त्यांनी दुसरा बूट उचलला आणि मान खाली घालून दांडा फिरवत राहिले.

यंत्र मनीषाबरोबर गेलं. जावयाने स्वतः उचलून टेम्पोत ठेवलं. पाटी मालूताईंनी काढून पिशवीत घातली. त्यांच्या मते सगळं छान पार पडलं. लोक आता गोष्ट सांगतायत ती वेगळीच, सासऱ्याने जावयाचे बूट पुसले, केवढा मोठेपणा! ऐकतेस ना? त्यातूनही मोठेपणा त्यांचाच!

पण आता हे मी इथेच थांबवणार आहे. तुझं वर्षश्राद्ध येतंय. घर भरलेलं असेल, तुझ्या फोटोला हार असेल आणि कुणीतरी पतिसेवेचं नाव काढेलच. त्या वेळी मी पानावरून उठेन. उठणं बरं दिसणार नाही, तरी उठेन. सांगेन, की माझ्या बहिणीने नवऱ्याचे बूट पुसायचं बंद केलं आणि त्याला ते पुसायला शिकवलं. हे तिने केलेलं चांगलं काम आहे आणि ते तिच्याच नावावर राहील. वसंतराव शेजारीच बसलेले असतील. त्यांना हवं तर त्यांनी खांबाकडे बघावं. देवासमोर शब्द देतो शकू, ह्या वेळी मी गप्प बसणार नाही.

तुझा, अजून रागातच असलेला,
दादा