वीतभर फरक

बुलढाणा, पौष वद्य पंचमी, दिवेलागण

उद्या ताईला बाळंतपणासाठी आणायला मोगलाईत, निजामाच्या मुलखात निघायचं. तिला आठवा लागायला आठवडाच उरलाय; एकदा लागला की हलवता येणार नाही. "तू बी.ए. झालेली, वाहन तूच ठरव," असं बाबा म्हणाले. मी मोठ्या तोऱ्यात भाड्याची मोटार ठरवली. ताईला तसं पत्रही टाकलं.

आज मोटारवाल्या रहीमचाचांकडे गेले, तर तिथे वाटेवरच्या धाड गावचे गाडीवान सखारामकाका बसलेले. त्यांनी हातातली काठी आधी आपल्या दमणीच्या, म्हणजे छपराच्या बैलगाडीच्या, दोन चाकांमध्ये धरली, मग मोटारीच्या. वीतभर फरक.

"धाडच्या पुढं बैलगाड्यायच्या खोल चाकोऱ्या हायेत, पोरी. तुही मोटार एक चाक चाकोरीत खाली, एक वर, अशी लंगडत जाईन. पदवी दाखवली म्हणून रस्ता काय सरकते?"

रहीमचाचा हसले, मग गंभीर झाले. "बात खरी हाये, बेटी. पोटुशी बाई असन तर मी नाही नेत."

तेव्हापासून ती वीत डोळ्यांसमोरून हलत नाही. मी आधी कुणाला विचारलं का नाही? लाज वाटली, हेच खरं.

दमणीला जाऊन-येऊन चार दिवस. वाटेतच काही झालं तर? पण तिरप्या मोटारीत धक्के खाणारी ताई... नको.

काकांना सांगून आले, दमणीत कडबा जाड पसरा, वर आईची गादी. ताई मोटारीच्या भोंग्याकडे कान लावून बसेल, आणि दारात वाजतील बैलांची घुंगरं.