तीन कोटेशनांची मोटारसायकल

८ सप्टेंबर, सोमवार
चारुलताला भिशी लागली. शेवटच्या नंबरापर्यंत थांबली होती बिचारी. शिक्षिका आहे ती; जूनपासून तिची शाळा बदलली, आता उरणला, मोरा बंदराच्या बाजूला. ट्रेन तिच्या वेळेला जुळत नाही. म्हणून जुईनगरहून पहाटे बस, पुढे शेअर रिक्षा, आणि संध्याकाळी हेच उलटं. घरी येते आणि पर्स खांद्याला तशीच ठेवून सोफ्यावर बसून राहते. मुलगी, अबोली, पाणी देते. मी टीव्हीचा आवाज कमी करतो. जमेल ते करतो माणूस.

तिचं म्हणणं, सेकंडहँड स्कूटर घेऊ, मी शिकते. मी म्हटलं, त्या रस्त्यावर? कंटेनर अंगावर येतात तिथे. त्यापेक्षा मोटारसायकल घेऊ, मी रोज सोडतो तुला. शब्द दिला. कॉलेजात असताना मला लाल टाकीची गाडी हवी होती, तो विषय वेगळा. त्याचा इथे काही संबंध नाही.

पैसे माझ्या हातात देताना म्हणाली, अहो, या वेळी नीट बघून. 'या वेळी' म्हणजे काय? मागे मी घेतलेल्या वॉटर प्युरिफायरचं अजून डोक्यात आहे तिच्या. वाशीच्या कंपनीत बावीस वर्षं परचेसमध्ये आहे मी. मला कोण फसवतोय!

उद्यापासून पाचला उठायचं. सवय झाली पाहिजे.

९ सप्टेंबर
उठलो पावणेआठला. सवय हळूहळूच लागते.

१० सप्टेंबर
चारू म्हणते, पितृपक्ष चालू आहे, नंतर बघू. हीच तर मेख आहे. पितृपक्षात कोणी गाडी घेत नाही, म्हणजे डीलर माश्या मारत बसलेले, म्हणजे भाव आपल्या हातात. आत्ता ठरवायची, दसऱ्याला आणायची. हे डोकं लागतं.

१३ सप्टेंबर, शनिवार
सर्व्हिस रोडला, चारूच्या बस स्टॉपच्या अगदी समोर, शहाजी नावाच्या माणसाचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. मोबाईलवर त्याचीच जाहिरात पाहिली होती, भाव फार चांगला. गेलो तर म्हणाला, अरेरे साहेब, सकाळीच गेली हो ती. पण एक आहे, थोडी वरच्या भावाची, मी कुणाला दाखवत नाही.

लाल टाकी.

मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. परचेसचा पहिला नियम. शहाजीने विचारलं, साहेब गाव कुठलं? म्हटलं, कोरेगाव. तो उठून उभाच राहिला. काय सांगता पाव्हणं, माझी आत्या दिलीय कोरेगावात! चहा मागवला. आता आत्याच्या गावच्या माणसाला कोण फसवेल?

तरी मी इंजिनला बोट लावून पाहिलं. चटका बसला. म्हणजे गाडी पडून राहिलेली नाही, रोज चालती आहे. बटण दाबलं, पहिल्या फटक्यात चालू. बोटाला बर्नॉल लावलं.

१४ सप्टेंबर
चारूला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, थंड असताना चालू करून बघितली का? तिच्या अण्णांची स्कूटर होती म्हणे, अण्णा म्हणायचे, गाडीची पारख सकाळच्या पहिल्या किकला. मी हसलो. तो किकचा जमाना गेला, आता बटण असतं. माहेरचं काहीही मध्ये आणते.

२० सप्टेंबर, शनिवार
शहाजीला स्पष्ट सांगितलं, पाव्हणे असाल तुम्ही, पण मी तीन कोटेशनं घेतल्याशिवाय साधी टाचणी घेत नाही. त्याला फार आवडलं. म्हणाला, असं शिस्तीचं गिऱ्हाईक मिळत नाही. आणि साहेब, तुम्ही कशाला उन्हात फिरता, बाकीची दोन मीच आणून देतो.

आणलीसुद्धा, चहा संपायच्या आत. दोन्ही शहाजीपेक्षा महाग. ऑफिसातही व्हेंडर असंच करतात, त्यामुळे प्रोसिजर बरोबर आहे. तिन्हीवरचं अक्षर जरा सारखं वाटलं. या धंद्यातली माणसं एकाच शाळेत शिकली असतील.

इंजिन आजही गरम. उत्तम.

मी बसलो असताना एक मालवणचा माणूस आला. शहाजी त्याला म्हणाला, काय सांगता, माझी मावशी दिलीय मालवणात! मोठं खानदान दिसतंय.

मग शहाजीला फोन आला. फोनवर हात ठेवून मला म्हणाला, साहेब, ऐरोलीची पार्टी आहे, कॅश घेऊन निघालीय. तुम्ही घरचे, म्हणून विचारतो. मी ताबडतोब टोकन दिलं. ऐरोलीच्या पार्टीच्या तोंडचा घास काढला. पावतीवर बारीक अक्षरात लिहिलंय, टोकन परत मिळणार नाही. परत मागतोय कोण?

२७ सप्टेंबर
फायनल बिल. ठरलेल्या भावावर फाइल चार्ज, हँडलिंग चार्ज आणि सेफ्टी किट. मी म्हटलं, सेफ्टी किट नको. शहाजी म्हणाला, कंपल्सरी आहे साहेब, तुमच्याच सेफ्टीसाठी. किटमध्ये एक फडकं आणि गणपतीचा स्टिकर निघाला.

वॉरंटी मात्र मी सोडली नाही. भांडून लेखी घेतली. इंजिन, गिअरबॉक्स आणि इलेक्ट्रिकल सोडून सगळ्याची वॉरंटी. म्हणजे आरसे दोन्ही सुरक्षित.

'गाडी तपासून, आहे तशी घेतली' यावर सही केली. तपासलीच होती. माझ्या नावावर कधी होणार विचारलं, तर म्हणाला, कागद काय, येतील.

२ ऑक्टोबर, दसरा
शहाजीचा माणूस गाडी चालवत घेऊन आला. झेंडूचा हार, टायरखाली लिंबू. अबोलीने फोटो काढले. चारूने ओवाळलं. स्वतःसाठी तिने गुपचूप हेल्मेट आणून ठेवलं होतं, निळं. मला माहीतच नव्हतं.

मागे बसवून सीवूड्सपर्यंत फेरी मारली. तिने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, आता सकाळी अर्धा तास जास्त झोपता येईल हो. मला इतकं बरं वाटलं की सिग्नल हिरवा झालेला कळला नाही. मागचे हॉर्न मारत राहिले. मारू देत.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
पाचचा गजर चारूने बंद केला आणि मला हलवून उठवलं. खाली आलो. बटण दाबलं. घुर्र. पुन्हा दाबलं. घुर्र. चारू हेल्मेट घालून उभी. वॉचमनने ढकलून बघितलं, दूधवाल्याने ढकलून बघितलं. शेवटी तिने हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि बस स्टॉपकडे पळत सुटली. शाळेत लेटमार्क.

नऊ वाजता ऊन लागल्यावर गाडी चालू झाली. म्हणजे गाडीत दोष नाही, वेळेत आहे.

६ ऑक्टोबर
पुन्हा तेच. शहाजीकडे गेलो. म्हणाला, साहेब, गाडी नव्या मालकाला ओळखायला आठ-दहा दिवस घेते. अनुभवी माणूस आहे, सांगतोय तर खरं असेल.

७ ऑक्टोबर
गाडीने ओळखलं नाही. चारू मला न उठवताच गेली.

९ ऑक्टोबर
मेकॅनिक म्हणाला, इंजिनचं हेड उतरवावं लागेल, आणि ते उतरवल्यावर अजून काय काय निघेल ते आत्ता विचारू नका. शिवाय म्हणाला, घेताना इंजिन थंड होतं का? आता हा काय अण्णांचा शिष्य आहे?

शहाजीकडे गेलो, आवाज चढवला. त्याने शांतपणे माझी सही दाखवली. खाली तिन्ही कोटेशनं टाचलेली. म्हणाला, साहेब, एवढी चौकशी करून कोणी गाडी घेतच नाही, तुम्ही तर तीन कोटेशनं मागवलीत, मग मी फसवलं असं तुम्ही कुठल्या तोंडाने सांगणार? मुद्दा बिनतोड होता. ऑफिसात मी व्हेंडरला हेच ऐकवतो.

सोडणार नाही. आज रात्रीच ग्राहक आयोगाला तक्रार लिहिणार.

१० ऑक्टोबर
तक्रार सुरू केली. 'महोदय' इथपर्यंत आली आहे. डोळा लागला.

१३ ऑक्टोबर
चारू घरी आली, पर्ससकट सोफ्यावर बसली. भिशीचा विषय काढत नाही. काढला असता तर बरं झालं असतं, मी उत्तर तयार ठेवलंय. निळं हेल्मेट तिने कपाटावर ठेवलं, प्युरिफायरच्या खोक्याशेजारी.

कंटाळलो. खरंच कंटाळलो.

१८ ऑक्टोबर, शनिवार
उपाय सापडला. गाडी विकायची आणि चारूचे पैसे तिच्या हातात ठेवायचे. जाहिरात टाकली, लगेच फोन. मोऱ्याचा दिपेश नावाचा माणूस, चारला येतो म्हणाला. साडेतीनला खाली जाऊन मी गाडी चालू केली. पाऊण डझन प्रयत्नांत झाली. मग जागच्या जागी तापवत ठेवली. यात गैर काही नाही, पाहुणे येणार तर घर आवरतोच ना आपण?

दिपेशने टाकीवर हात फिरवला. म्हणाला, बेस हाय गारी. पहाटे बंदरावर जावं लागतं, बायको मासली घेते तिथून, तिला बाजारात वेळेवर पोचवायची हाय, रिक्षावाले लई नाडतात. मी म्हटलं, पहिल्या फटक्यात चालू होते. झाली. कागदांचं विचारलं. मी म्हटलं, कागद काय, येतील. तोंडातून कसं निघालं कळलं नाही. बाकी पनवेलची एक पार्टी कॅश घेऊन निघालीय, हेही त्याच्या कानावर घातलं.

तेवढ्यात चारू पाणी घेऊन खाली आली. त्याने तिलाच विचारलं, वहिनी, गारी पहाटची चालू होते ना?

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग त्याला म्हणाली, दादा, घाई करू नका. वर चला, चहा घ्या, तासभर बसा. इंजिन थंड होऊ दे, मग चालू करून बघा.

दिपेशने इंजिनला बोट लावलं. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. चहा घेतला, शाळेत त्याची मुलगी चारूच्याच वर्गात निघाली, तिच्याबद्दल बराच वेळ बोलत बसला. जाताना चारूला नमस्कार केला. मला नाही.

हातातोंडाशी आलेलं गेलं. मी म्हटलं, तुझ्याच पैशांसाठी करत होतो ना? ती म्हणाली, तुम्हाला शहाजीने फसवलं, त्याचं मला वाईट वाटलं नाही हो, माणूस फसतो. आज वाटलं.

जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

२५ ऑक्टोबर
गाडी शहाजीलाच दिली. निम्म्याला. तो म्हणाला, साहेब, तुमच्या नावावर झाली नाही ते एका अर्थी बरंच झालं, फर्स्ट ओनरच राहिली गाडी. आरसे तपासून घेतले त्याने.

आलेले पैसे चारूच्या हातात ठेवले. मोजले नाहीत तिने. म्हणाली, नव्या भिशीत नाव घातलंय. यंदाची स्कूटरसाठी, आणि स्कूटर बघायला मी आणि अबोली जाऊ.

मला काय, माझा वेळ वाचला.

३ नोव्हेंबर, सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली, तिची शाळा सुरू. आज पाचला माझा मीच उठलो. चारूची पिशवी घेतली आणि म्हटलं, चल, सोडतो. तिने पिशवी ओढून घेतली नाही. चालत बस स्टॉपपर्यंत गेलो. शब्द दिला होता, रोज सोडतो म्हणून. कुठपर्यंत ते ठरलं नव्हतं.

समोर शहाजीच्या दुकानाबाहेर लाल टाकी उभी, नवा हार घातलेला. त्यावर पाटी: 'फर्स्ट ओनर. परचेस ऑफिसरने स्वतः तपासून पास केलेली गाडी.'

मी ऑफिसर नाही, सीनियर असिस्टंट आहे. बावीस वर्षांत कोणी ऑफिसर म्हटलं नव्हतं.

चारूने पाटी वाचली. मग माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, उद्या जरा लवकर निघू, तुम्ही हळू चालता. बस आली.