रूथ बेलच्या माथी मारलेला तडा

बेलव्ह्यू, २ फेब्रुवारी २०२४

ती. सुमंतकाकांस उत्तराचा शि. सा. नमस्कार.

तुम्ही ईमेल उघडत नाही, म्हणून हा कागद. रिटायर झाल्यापासून तुमचे हट्ट वाढलेत, असं काकू म्हणते; मी नाही.

इथल्या छोट्या म्युझियमसाठी मी ओकहिल शिपबिल्डिंग कंपनीचा इतिहास लिहितेय. महायुद्धात तिच्या दोन यार्डांत साठ मालवाहू जहाजं बांधली गेली. त्यातलं एक त्रेचाळीसच्या थंडीत धक्क्याला उभ्या उभ्या तडकलं. फोरमन डॉसनच्या अहवालात ठपका आला रूथ बेल या वेल्डरवर: जोड कच्चा ठेवला. तिला काढून टाकलं. तिची मुलगी आता ऐंशीची आहे. आई तशी नव्हती, एवढंच मला पुन्हा पुन्हा सांगते.

अहवालाचं चौथं पान गायब आहे. म्युझियमचे अध्यक्ष त्या फोरमनचेच नातू. पानाचं विचारलं की विषय बदलतात. तुमचा सगळा जन्म धातूंत गेला. सोबतचा त्या तड्याचा फोटो बघाल?

कृपा असू द्यावी.
उत्तरा

ट्रॉय, ११ फेब्रुवारी

चि. उत्तरास अनेक आशीर्वाद.

फोटो भिंगाखाली पाहिला. तडा जोडावरून गेलेलाच नाही. डेकवरच्या, माल उतरवायच्या चौकोनी तोंडाच्या कोपऱ्यातून निघून सरळ पत्रा चिरत गेलाय. त्या वेळचं पोलाद थंडीत ठिसूळ व्हायचं. फोरमनला हे दिसलंच असणार. दिसूनही बाईचं नाव घातलं.

नातवावर विश्वास ठेवू नकोस. पान त्यानंच दडवलंय. चहाला बोलावलं तर जाऊ नकोस, गोड बोलून फोटोही काढून घेईल. सगळ्याच्या कॉप्या करून ठेव.

जपून राहा.
सुमंतकाका

बेलव्ह्यू, २४ फेब्रुवारी

ती. काका, शि. सा. न.

चहाला गेले. रागवा.

अध्यक्ष डॉसननी स्वतःच पान पुढ्यात ठेवलं. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं. त्यावर लिहिलंय: जोड ठीक, पोलाद सदोष. कंपनीच्या वरच्यांनी दटावल्यावर आजोबांनी ते पान काढून घेतलं आणि पुढच्या पानावर रूथचं नाव घातलं. डॉसन म्हणाले, "फेकवलं नाही आणि दाखवायची लाज वाटली."

आम्ही दोघं रूथच्या मुलीकडे गेलो. तिनं पान दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि त्यांना विचारलं, तुमचे आजोबा शेवटी सुखानं गेले का?

काका, फोरमनला दिसलंच असणार, हे तुम्ही इतक्या खात्रीनं कसं लिहिलंत?

तुमची,
उत्तरा

ट्रॉय, ५ मार्च

चि. उत्तरास आशीर्वाद.

हे लिहायला वेळ लागला. एकोणनव्वद साली आमच्या कारखान्यात एक अ‍ॅक्सल तुटला. दोष बाहेरून आणलेल्या पोलादातच होता. मला दिसला होता. माझे ग्रीनकार्डचे कागद साहेबाच्या टेबलावर होते. मी अहवालात भट्टीवरच्या एर्लचं नाव लिहिलं. त्याची नोकरी गेली.

तो इथून वीस मिनिटांवर राहतो, हे मला कायम ठाऊक होतं. काल तुझ्या काकूला सगळं सांगितलं. तिनं गाडीची किल्ली आणून दिली. उद्या सकाळी जातोय. दार उघडेल की नाही, माहीत नाही.

हे वाचूनही माया उरली असेल, तर दोन ओळी लिही.

सुमंतकाका